शुक्रवारी बाराचा शो

दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. ज्यांनी एका खुर्चीत उभं आयुष्य काढलं त्यांच्या पंगतीत मी कुठे बसणार? माझी खुर्ची बीडमधल्या एका टॉकीजच्या तिकीट खिडकीमागची. तिचा एक पाय लंगडा आहे आणि तिच्यावर बसून मला तीन वर्षंही झालेली नाहीत. पण घरी जाऊन विचार केला. खिडकीतून जे दिसतं ते आत बसून पिक्चर बघणाऱ्याला दिसत नाही, आणि लांबून फोन करणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. म्हणून लिहिते. ‘चुकलं तर सांभाळून घ्या’ असं लिहायची पद्धत आहे, पण ते मी लिहिणार नाही. जे पाहिलं तेवढंच सांगणार आहे.

टॉकीजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेठ रागावतील. नाही लिहिलं तरी रागावतील.

आमचं घर पालीजवळ, बिंदुसरा धरणाच्या वरच्या अंगाला. आप्पा मेंढरं राखतात. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. सकाळी कॉलेज, दुपारपासून खिडकी आणि संध्याकाळच्या गाडीनं घर, असं माझं चालतं. खिडकी आहे म्हणून कॉलेज आहे, हे इथेच सांगून ठेवते. नोकरी लागली तेव्हा गावात कुणीतरी आप्पांना गाठून म्हणालं, “तुमची पोरगी टॉकीजच्या खिडकीत बसती म्हणं?” आप्पा म्हणाले, “व्हय. मेंढरामागं दिवसभर उभी राहायची, आता बसती. बरंच हाय की.”

बाहेरच्यांना वाटतं, टॉकीजमध्ये पिक्चर लावतात आणि लोक येतात, एवढंच काम. खरं काम पिक्चर लावायच्या आधी असतं. एका पडद्याच्या टॉकीजमध्ये दिवसाला चार शो असतात: बारा, तीन, सहा, नऊ. शुक्रवारी नवे पिक्चर येतात, कधी दोन, कधी तीन. ते चार शो कुणाला किती द्यायचे हे आधी ठरवावं लागतं. मोठ्या नटाचा पिक्चर असला की वितरकाच्या ऑफिसातून फोन येतो, “चारही शो द्या, नाहीतर पिक्चर विसरा.” छोट्या पिक्चरवाल्यांचाही फोन येतो. ते म्हणतात, “एक तरी शो द्या.” दोघं एकाच भाषेत बोलतात, पण आवाज वेगळे असतात.

पूर्वी पिक्चर म्हणजे रिळांचे डबे. एसटीच्या टपावरून यायचे. आमचे नजीरचाचा तेव्हापासून मशीनवर आहेत. ते सांगतात, एकदा घाईत तिसरं रीळ आधी लागलं. हिरोचं लग्न झालं आणि मग तो हिरॉईनला पहिल्यांदा भेटला. पब्लिक शांत बसून होतं. चाचांनी बाहेर येऊन एकाला विचारलं, “कसं वाटतंय?” तो म्हणाला, “भारी. मधी जुनं आठवतंय त्याला.” आता डबे नाहीत. पिक्चर इंटरनेटवरून मशीनमध्ये उतरतो आणि तो उघडायला एक चावी येते. चावी म्हणजे लोखंडाची नव्हे, एक फाईल असते. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ती चालते. मुदत संपली की पिक्चर मशीनमध्ये असूनही नसल्यासारखा.

दर सोमवारी शेठ चहा मागवतात आणि येणाऱ्या शुक्रवारचा अंदाज काढतात. आधी या बैठकीत शेठ, चाचा आणि बसस्टँडसमोर मोसंबीची गाडी लावणारे रहीमभाई असे तिघेच असायचे. रहीमभाईंचा टॉकीजशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण ते प्रत्येक नवा पिक्चर पहिल्याच दिवशी बघतात, तोही मध्यंतरापर्यंतच. मध्यंतराला उठून गाडीवर जातात आणि तिथं मोसंबी सोलता सोलता निकाल देतात. गावोगावची माणसं एसटी लागेपर्यंत तिथं उभी असतात. पाटोद्याला जाणारा निकाल पाटोद्याला जातो, धर्मापुरीचा धर्मापुरीला. मी एकदा विचारलं, “पुढचा अर्धा कावून बघत न्हाई तुमी?” ते म्हणाले, “मोसंबी अख्खी खाऊन आंबट हाय का बघते का तू?”

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची असतात. एक आजी तिकीट घेण्याआधी विचारतात, “शेवटाला हिरो मरतो का?” मरत असला तर परत जातात. एकदा मला माहीत नव्हतं, मी अंदाजानं “नाही” म्हणाले. बाहेर पडताना त्या खिडकीशी थांबल्या आणि नुसतं बघून गेल्या. तेव्हापासून मी शेवट विचारून ठेवते.

सोमवारच्या बैठकीत मी कशी शिरले तेही सांगते. मला पिक्चरमधलं फार कळत नाही. लहानपणी आमच्याकडे टीव्हीच नव्हता. पण शो सुटल्यावर मी लोकांची चाल बघत असते. पिक्चर आवडला नसेल तर माणसं तडक टॉकीजच्या पार्किंगमध्ये जातात आणि गाडीला किक मारतात. आवडला असेल तर पायऱ्यांवर रेंगाळतात, खिशात किल्ली असून शोधत बसतात. मी हे एकदा चाचांना सांगितलं, त्यांनी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, “बसव तिलाबी चहाला. चहाच जाईल एक.”

तर त्या सोमवारी दोन पिक्चर होते. एक मोठा हिंदी, त्याच्याबद्दल बोलायचंच नव्हतं. त्याच्या नटाचा फोटो आमच्या भागात दाढी करायच्या दुकानांतसुद्धा लावलेला असतो. दुसरा छोटा मराठी. नवीन माणसांनी केलेला. दोन जावा एका घरात राहतात, एकाच चुलीवर स्वयंपाक करतात आणि बारा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, एवढीच गोष्ट. पोस्टरवर दोन बाया पाठमोऱ्या उभ्या होत्या.

शेठ पोस्टर उलटंसुलटं बघून म्हणाले, “पाठी हायत नुसत्या. तोंडं दाखवायला पैसे कमी पडले का बे यांना?”

रहीमभाई म्हणाले, “न बोलणाऱ्या बायांचा पिक्चर? हे झूट हाय. पडणार.”

चाचांनीही ‘व्हय’ म्हणून मान हलवली. मग शेठनी माझ्याकडे गंमत म्हणून बघितलं. “बोला कोमलबाई.”

मी म्हणाले, “चालंल.”

“कावून?”

“आमच्या वस्तीवर तीन घरांत अशा जावा हायत. बाराच्या शोला बाया येतात. दवाखान्याला, बाजाराला आलेल्या. संध्याकाळी त्यांना येता येत न्हाई, गाडी चुकती. दुपारीच येतात. त्यांना कुणी त्यांच्या घरातला पिक्चर दाखवतच न्हाई.”

सगळे हसले. मलाही वाटलं, जास्त बोलले. पण शेठ हसता हसता थांबले आणि म्हणाले, “बरं. वितरकाशी बोलून मोठ्याला तीन देतो, बाराचा तुझ्या जावांना. पडला तर खिडकी सोडायची. हाय का कबूल?”

चाचा म्हणाले, “जाऊ द्या शेठ, पोर हाय.” ‘पोर हाय’ हे ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, “कबूल.” शेठ गमतीत बोलतात, पण त्यांच्या गमतीत नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या होत्या.

इथे आमच्या टॉकीजचा एक रिवाज सांगायला हवा. शुक्रवारी आमचा बाराचा शो बाराला सुरू होत नाही. दोनला होतो. जुम्म्याची नमाज असते. चाचा नमाजला जातात, डोअरकीपर जातो, समोरची गॅरेजं बंद होतात, फळांच्या गाड्यांवर कापडं पडतात. निम्मं गिऱ्हाईक मशिदीत असतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्यासाठी थांबलेलं असतं. शेठच्या वडिलांनी ही पद्धत पाडली. त्या दिवशी मागचे शोही थोडे थोडे पुढे सरकतात. बोर्डावर आणि कॉम्प्युटरवर बाराच लिहिलेलं असतं, पण शुक्रवारी बाराला कुणी येत नाही. हे बीडमध्ये पोराटोरांना माहीत आहे, म्हणून कुणी कधी लिहून ठेवलं नाही.

त्या शुक्रवारी मी कॉलेजातून थेट खिडकीवर आले. कॉम्प्युटर लावला, खिडकीची फळी बंदच ठेवली आणि डबा खाल्ला. रस्ता सामसूम होता. तेवढ्यात शेठचा फोन आला. ते पाटोद्याला नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते, मागे बँडचा आवाज येत होता.

“तुझा पिक्चर पडला.”

“अजून लावलाच न्हाई शेठ.”

“बुकिंगवाल्या साहेबाचा फोन होता. त्याच्या स्क्रीनवर शून्य दिसतंय. बाराच्या शोला एक तिकीट न्हाई म्हणला. आत्ताच काढा म्हणतोय, चारही शो मोठ्याला द्या. दोनला मोठाच लाव. बोर्ड बदल.”

“पण आज शुक्रवार हाय.”

“मग?”

“खिडकी उघडलीच न्हाई अजून. चाचा नमाजला गेलेत.”

बँड जोरात वाजला. मग शेठ म्हणाले, “ते मला माहीत हाय. त्याला न्हाई ना. त्यानं मोठा पिक्चर काढून घेतला तर काय करू? शानपणा करू नको. बोर्ड बदल.”

फोन ठेवला आणि मी तशीच बसले. बुकिंगवाले साहेब वितरकाच्या ऑफिसातले, मोठ्या शहरात बसतात. कोणत्या गावात कोणता पिक्चर किती चालला हे खिडकीवरच्या कॉम्प्युटरवरून त्यांना लगेच स्क्रीनवर दिसतं. सगळ्या धंद्याची रीत अशी की शुक्रवारचा पहिला शो बघायचा आणि पिक्चरचं भवितव्य ठरवायचं. मोठ्या पिक्चरचा आमच्याकडे बाराचा शो रिकामा दिसला तरी पुढचे तीन ते भरून काढतात, म्हणून त्याचं काही बिघडत नाही. पण छोट्याला मिळतोच एक शो, तोही बाराचा.

आणि मग मला एकदम आठवायला लागलं. मागे एका मास्तरवरचा पिक्चर आला होता, तो शुक्रवारीच काढला. एका म्हाताऱ्या तमासगिराचा आला होता, तोही. आणखीही काही. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, “मराठी पिक्चर बीडला चालत न्हाई.” सोमवारच्या चहाला हेच म्हणायचो. मीही म्हणायचे. खिडकीवर कॉम्प्युटर बसल्यापासून ते पिक्चर कुणी बघून नाकारले नव्हते. बंद फळीसमोर कुणी उभं नव्हतं, म्हणून ते पडले होते. मला रडू नाही आलं, राग आला. आपलं गाव आपल्याच नावावर खोटं सांगत होतं आणि आम्ही मान डोलवत होतो.

चाचा परत आले. टोपी घडी करून खिशात ठेवत म्हणाले, “बोर्ड बदलायचा हाय म्हणं? शेठचा फोन होता.”

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत खाली बसले. “म्हंजे आमी नमाजला गेलतो म्हणून?”

“तुमच्यामुळं न्हाई चाचा. त्यांनी घड्याळ बघितलं, गाव न्हाई बघितलं.”

मग चाचांनी विचारलं, “चावी हाय का त्या पिक्चरची?”

“हाय. चालू हाय.”

“तिकिटं फाडलीस का?”

“एकबी न्हाई. शेठ न्हाई म्हणले.”

चाचा उठले आणि मशीनच्या जिन्याकडे जाता जाता, भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, “तिकिटं फाडली की मालकालाबी शो बंद करता येत न्हाई. पब्लिक ऐकत न्हाई. मला काय, खालून तिकीट आलं की मी बटण दाबतो.”

मी फळी वर केली. आधी दवाखान्याची पिशवी हातात असलेल्या तिघी आल्या. “जावांचा हाच का?” मी म्हणाले, “हाच.” मग बांगड्यांच्या गल्लीतल्या दोन बुरखेवाल्या मायलेकी. गॅरेजवाली पोरं मोठ्या पिक्चरसाठी आली होती. तो नंतर आहे म्हटल्यावर कुरकुरली, आणि तोवर कूलरखाली बसू म्हणून हीच तिकिटं घेतली. रहीमभाई आले. “पडणाराय, पण दे,” म्हणाले. ‘शेवटाला कोण मरतं का’ असं विचारणाऱ्या आजीही आल्या. मी म्हणाले, “कुणी न्हाई मरत. बोलतात शेवटाला.” हाऊसफुल्ल मुळीच नव्हतं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण निम्म्या भरलेल्या होत्या, शून्य नव्हतं.

पिक्चर सुरू झाल्यावर शेठचा फोन आला.

“बोर्ड बदलला का?”

“न्हाई.”

“कावून?”

“पब्लिक आत बसलंय.”

“कुणाला विचारून?”

चाचांचं नाव सांगता आलं असतं. “कुणालाच न्हाई,” मी म्हणाले.

“येतो मी,” शेठ म्हणाले. “आल्यावर तू खिडकीत दिसायची न्हाईस.”

मध्यंतराला रहीमभाई नेहमीसारखे बाहेर आले. मी खिडकीतून मान काढली. ते म्हणाले, “लांबवलाय. गाणं कशाला घातलं काय माहीत. मोठी जाऊ लई भारी हाय.” आणि निघाले. थोडं पुढं जाऊन परत फिरले. “बायकोला पाठवतो उद्या. तिचंबी असंच हाय जावेशी.” गाडीवर त्यांनी काय निकाल दिला मला माहीत नाही, पण पिक्चर चांगला आहे असं ते म्हणाले नसणार. ते खोटं बोलत नाहीत.

शो सुटला आणि मी चाल बघायला पायऱ्यांवर आले. बाया बाहेर पडल्या आणि पायऱ्यांवरच थांबल्या. दवाखान्यातल्या तिघींमध्ये वाद लागला होता.

“चूक धाकलीचीच हाय.”

“कशी? पहिलं ताट कुणी सरकवलं?”

“ताट सरकवलं म्हणून बारा वर्षं गप बसायचं व्हय?”

“मी बसले असते!”

बुरखेवाल्या आईनं मधेच तोंड घातलं, “ज्यादा कसूर सासूचा हाय. कुणी तिला बोलतच न्हाई.” त्यावर तिघीही एकदम गप्प झाल्या आणि मग चौघी मिळून सासूवर तुटून पडल्या. तोवर मोठ्या पिक्चरची गर्दी आली. गाड्या फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होत्या, पण बाया हलत नव्हत्या. एक पोरगा ओरडला, “ओ मावशे, पिक्चर संपला!” मावशी म्हणाली, “आमचा न्हाई संपला.”

त्या हॉर्नच्या गोंधळातून शेठ आत आले. पायऱ्यांवरच्या बायांना वळसा घालून थेट खिडकीमागं.

“उठ.”

“या रांगेला तिकिटं देऊन उठते,” मी म्हणाले. रांग खिडकीपासून फाटकापर्यंत होती, आणि कॉम्प्युटर शेठना येत नाही. ते मागे उभे राहिले. मी एकेक तिकीट देत राहिले. घाई केली नाही. शेवटचं तिकीट दिलं, पिशवी खांद्याला लावली आणि उभी राहिले. तेवढ्यात शेठचा फोन वाजला. बुकिंगवाले साहेब होते. शेठ दाराकडे तोंड करून बोलायला लागले.

“हां साहेब… न्हाई, बदलला न्हाई… अहो, आमच्याकडं जुम्मा असतो. शुक्रवारी बाराला बीडमध्ये कुत्रंबी तिकीट घेत न्हाई. तुमी घड्याळ बघता, गाव न्हाई बघत…”

माझंच वाक्य होतं ते. चाचांकडून फोनवर शेठपर्यंत पोचलं असणार. शेठ अगदी रंगात आले होते. “बाया हलंनात इथून. मी स्वतः बघितलं. मीच चालवला शो, म्हणलं बघू तरी…” बोलता बोलता त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हातानं खुर्ची दाखवली. बस.

मी बसले नाही.

त्यांनी फोनवर तळवा ठेवला. “बस म्हणतोय ना. ऱ्हाऊ दे तुझी खिडकी.”

“शो तुमी न्हाई चालवला,” मी म्हणाले. “कुणी चालवला ते सांगा त्यांना. मग बसते.”

दारात चाचा उभे होते, त्यांनी दुसरीकडे बघितलं. शेठचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता संपलं, आणि संपलं तर संपलं असंही वाटलं. शेठनी तळवा काढला.

“हॅलो… हां. न्हाई, मी नव्हतो, मी पाटोद्याला गेलतो. आमच्या खिडकीवर पोरगी हाय, कोमल. तिनं चालवला. मी न्हाई म्हणलं होतं… व्हय, शिकती कॉलेजात… घ्या, तिलाच विचारा.”

फोन माझ्या हातात आला. साहेबांचा आवाज थकलेला होता, रागीट नव्हता. “मॅडम, तुमची पोस्ट काय?”

“मी तिकिटं फाडते.”

“पिक्चर पडला तर?”

“पडू द्या की. पण लोकांनी बघून पाडू द्या. सोमवारपर्यंत ठेवा.”

त्यांनी सोमवारपर्यंत ठेवला. सोमवारी गुरुवारपर्यंत वाढवला. पिक्चर हिट झाला नाही, मी खोटं सांगणार नाही. रोज बाराला निम्म्या खुर्च्या भरत होत्या, त्यात बाया जास्त. मोठा हिंदी त्याच्या दहापट चालला आणि शेठ ते मला रोज ऐकवत होते. पुढच्या शुक्रवारी दोन्ही पिक्चर गेले आणि तिसराच आला.

तिकिटांचा कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीला शुक्रवारची वेळ बदलायची विनंती आम्ही केली. सगळ्या गावांना एकच वेळापत्रक असतं, एका गावासाठी बदलता येत नाही, असं उत्तर आलं. म्हणून मी माझी पद्धत पाडली आहे. दर शुक्रवारी, फळी बंद असताना, मी स्वतः साहेबांना फोन करते.

“साहेब, बीडहून बोलते. आता स्क्रीन बघू नका. दोननंतर बघा.”

“माहीत आहे हो मॅडम. दर आठवड्याला तेच सांगता.”

“माहीत असलं तरी सांगते,” मी म्हणते. “पुढच्या शुक्रवारीही सांगणार.”